सासरची भाषा, माहेरचा सूर

मैत्रिणींनो, लग्न होऊन सासरी आलात त्या पहिल्या महिन्यात तुम्ही किती शब्द नव्याने शिकलात, मोजलेत का कधी? माहेरी जे पातेलं होतं ते इथे टोप झालं, नाहीतर भगोनं झालं, नाहीतर गंज झाला. विदर्भातून पुण्याला आलेल्या सुनेने 'थोडा सांबार आणा' म्हणून सांगावं आणि नवऱ्याने कोथिंबिरीऐवजी हॉटेलातून इडलीबरोबरचं सांबार बांधून आणावं, असे विनोद आपण घरोघरी ऐकतो. भाषा एकच, मराठीच. तरी घर बदललं की जीभ वळवावी लागते. कुणी हसतं, कुणी सांभाळून घेतं. वर्षभराने माहेरी गेलं की आई म्हणते, "अगंबाई, तू तर अगदी तिकडचीच झालीस की!" तेव्हा आपल्याला बरंही वाटतं आणि कुठेतरी टोचतंही.

आज ज्या मुलांची गोष्ट सांगायची आहे, ती अशीच जीभ वळवून परक्या घरी गेली. पण त्यांचं हे 'सासर' साधंसुधं नव्हतं. ज्या राजवटीने त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीकडून मातृभाषा हिरावून घेतली होती, त्याच देशात जाऊन, त्याच देशाच्या भाषेत त्यांना गायचं होतं.

ही मुलं कोरियाची, आणि तो देश जपान. आता तुम्ही म्हणाल, कुठलं कोरिया आणि कुठलं जपान, आपला काय संबंध? अहो, तुमच्या घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिच्या खोलीत डोकावून पाहा. भिंतीवर गोऱ्या, नाजूक चेहऱ्याच्या मुलांची चित्रं दिसतील आणि मोबाइलवर न कळणाऱ्या भाषेतली गाणी चालू असतील. ती कोरियन असतील असं आपण धरून चालतो. पण त्यांतली बरीच जपानी भाषेत असतात, बरं का! गाणारे कोरियन, भाषा जपानी. असं का, हे मुलीला विचारलंत तर गप्पांना छान विषय मिळेल. तोवर आपण त्यांतल्या एका जुन्या आणि मोठ्या मंडळाची हकिगत पाहू.

एक नाव, दोन उच्चार

२६ डिसेंबर २००३ रोजी कोरियाच्या दूरदर्शनवर पाच मुलं पहिल्यांदा गायला उभी राहिली. युन्हो, जेजुंग, यूछन, जुन्सू आणि छांगमिन. वयं पंधरा ते सतरा. आपल्याकडे या वयाची मुलं दहावी-बारावीच्या क्लासला जात असतात. एस. एम. एंटरटेनमेंट या सोलच्या कंपनीने त्यांना तयार केलं होतं. मंडळाचं नाव चार चिनी अक्षरांचं ठेवलं. अर्थ साधारण असा की, पूर्वेकडे देव उदयाला येत आहेत.

गंमत अशी की ही चार अक्षरं कोरियन माणूस 'तोंगबांगशिन्गी' अशी वाचतो, तर जपानी माणूस तीच अक्षरं 'तोहोशिन्की' अशी वाचतो. लिहिणं एक, उच्चार दोन. म्हणजे नाव ठेवतानाच शेजारच्या घराचा विचार केलेला दिसतो. जपानमध्ये हे मंडळ तोहोशिन्की या नावानेच ओळखलं जातं, म्हणून आपणही तेच नाव वापरू.

पुसलेली अक्षरं

आता थोडा इतिहास. कंटाळू नका, त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

१९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षं कोरियावर जपानचं राज्य होतं. आपण इंग्रजी अंमल पाहिला, पण इंग्रजांनी आपल्या प्राथमिक शाळांतून मराठी हद्दपार केली नव्हती. कोरियात तेही झालं. १९३८ मध्ये शाळांतून कोरियन भाषा ऐच्छिक केली गेली आणि पुढच्या काही वर्षांत ती शिकवणं बंदच पडलं. १९४० पासून लोकांना जपानी धर्तीची नावं घ्यायला लावली. १९४२ मध्ये कोरियन भाषेचा शब्दकोश तयार करणाऱ्या विद्वानांना अटक झाली आणि त्यांची हस्तलिखितं जप्त झाली. स्वातंत्र्य मिळाल्यावर, सप्टेंबर १९४५ मध्ये, ती हस्तलिखितं सोल रेल्वे स्टेशनच्या गोदामात सापडली. कितीएक वर्षं घालून जमवलेले शब्द असे धूळ खात पडले होते. आपल्या आजीच्या ओव्यांची वही रद्दीत सापडावी, तसं झालं असेल नाही त्यांना?

साहजिकच स्वतंत्र कोरियाने जपानी गाण्यांना आणि सिनेमांना दार बंद केलं. हे दार १९९८ मध्ये अध्यक्ष किम दे-जुंग यांनी किलकिलं करायला सुरुवात केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने ते उघडत गेलं. जपानी भाषेत गायलेल्या गाण्यांच्या तबकड्या कोरियात उघडपणे विकायला परवानगी मिळाली ती १ जानेवारी २००४ पासून. आता वरची तारीख पुन्हा पाहा. आपली पाच मुलं रंगमंचावर आली त्याला तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता!

जायचं कशाला मग?

पैशासाठी, हे सरळच सांगायला हवं. इंटरनेट घरोघरी पोचल्यावर कोरियात लोक गाणी फुकट उतरवून घेऊ लागले आणि तबकड्यांचा धंदा बसला. जपानमध्ये मात्र गिऱ्हाईक अजूनही दुकानात जाऊन तबकडी विकत घेत होतं. तिथे तबकडीची किंमत ठरलेली असते, दुकानदाराने मनाला येईल तशी उतरवायची नाही, असा रिवाज आहे. संगीताच्या व्यापारात अमेरिकेच्या खालोखाल जपानचा नंबर. घरची शेती पिकेना म्हणून मुलगा मुंबईला जातो, त्यातलाच हा प्रकार.

वाट पाडून दिली होती ती एका मुलीने. बोआ तिचं नाव. २००१ मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, ती जपानी भाषेत गाऊ लागली. मार्च २००२ मध्ये तिचा पहिला जपानी संच ओरिकॉनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. ओरिकॉन ही जपानमधली गाण्यांच्या खपाची यादी. आपण रेडिओवरच्या बिनाका गीतमालेची वाट पाहत असू, तशी तिथले लोक या यादीची वाट पाहतात. कोरियन गायिकेला तिथे पहिला पाट मिळाल्याची ही पहिलीच वेळ होती. चौदा वर्षांची पोर, आईवडिलांपासून दूर, परकी भाषा! मन धास्तावतं ना ऐकून?

'चूल' म्हणता येते का?

कोरियन माणसाला जपानी शिकणं इंग्रजीपेक्षा सोपं जातं. कारण वाक्याची मांडणी सारखी आहे. आणि तुम्हांला आश्चर्य वाटेल, ती आपल्या मराठीसारखीही आहे. 'मी भात खाते' हे जपानीत 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास', आणि कोरियनमध्ये 'चोनुन पाबुल मोगोयो'. तिन्हींत आधी मी, मग भात, आणि खाणं सर्वांत शेवटी. विभक्तीचे प्रत्ययही आपल्यासारखेच शब्दाच्या मागे लागतात. पुण्यात कितीतरी मराठी मुलं-मुली जपानी शिकतात, त्यांना वाक्यरचनेचा हा सारखेपणा फार उपयोगी पडतो.

अडतं ते उच्चारात. 'चूल' हा शब्द मोठ्याने म्हणा बघू. आता 'चिंच' म्हणा. दोन्ही 'च' वेगळे आहेत, हे तुमच्या लक्षात येईल. चुलीतला 'च' जपानीत आहे, कोरियनमध्ये नाही. तसंच 'जावई' आणि 'जिरं' यांतल्या 'ज'चं. जावयाचा 'ज' कोरियन माणसाला जड जातो, तो तिथे जिऱ्याचा 'ज' लावतो. जपानी माणूस आभार मानताना 'आरिगातो गोझाइमास' म्हणतो. तिथे कोरियन पाहुणा जिऱ्याचा 'ज' लावून बोलला की जपानी कानाला तो लगेच कळतो. जे आपल्याला आईच्या मांडीवर फुकट मिळालं, ते या मुलांना आरशासमोर बसून घोकावं लागतं.

शिवाय गाण्याचं गणित वेगळंच. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे कोरियनमध्ये 'सारांगहे', तीन ठोक्यांत संपलं. जपानीत 'आइशितेरु', पाच ठोके. चाल तीच ठेवून शब्द बदलायचे म्हणजे साडीच्या मापाचं कापड घेऊन परकर-पोलकं शिवण्यासारखं. सगळं कापणं नव्याने बेतावं लागतं. म्हणून तोहोशिन्कीची बरीचशी जपानी गाणी ही जुन्या गाण्यांची भाषांतरं नाहीत. ती मुळातच जपानी मंडळींनी जपानसाठी रचलेली आहेत.

आपल्याकडेही हे घडलंच आहे की. दिलीपकुमारांनी मराठी वळणाच्या उर्दूबद्दल शंका काढली, तेव्हा तरुण लताबाईंनी रागावून घरी न बसता शिक्षक लावून उर्दूचे धडे घेतले, हे त्यांनीच पुढे अनेकदा सांगितलं आहे. टोचलेला शब्द कामाला कसा लावावा, हे तिथून शिकावं.

सदतिसाव्या पायरीवरून

एप्रिल २००५ मध्ये तोहोशिन्कीचं पहिलं जपानी गाणं बाजारात आलं. नाव 'स्टे विथ मी टुनाइट'. मायदेशी ज्यांना पाहायला मुली रांगा लावत, त्यांना ओरिकॉनच्या यादीत जागा मिळाली सदतिसावी. माहेरी लाडाची लेक, आणि सासरी स्वयंपाकघरात कुठे काय ठेवलंय तेही माहीत नाही, अशी गत.

पण त्यांनी पाय मागे घेतला नाही. एकामागून एक गाणी आली. २००६ चा पहिला संच पंचविसाव्या जागी, २००७ चा दुसरा दहाव्या जागी. दर वेळी दोन पायऱ्या वर. मुलाखतींत दुभाष्यावर अवलंबून न राहता ती स्वतः जपानीत उत्तरं देऊ लागली, चुकली तर हसू लागली. जानेवारी २००८ मध्ये त्यांचं 'पर्पल लाइन' हे गाणं पहिल्या क्रमांकावर पोचलं. ते जपानमधलं त्यांचं सोळावं सुटं गाणं होतं. पंधरा वेळा पहिल्या पाटाने हुलकावणी दिल्यावर सोळाव्या वेळी तो मिळाला.

त्याच वर्षी जुलैमध्ये आलेलं त्यांचं एक संथ गाणं आजही जपानमध्ये लोकांच्या ओठांवर आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकाचा अर्थ 'मी तुझ्या प्रेमात का पडलो असेन?' असा. जिच्यावर जीव होता ती दुसऱ्याशी लग्न करून जाते आहे आणि हा दुरून पाहतो आहे, असा त्यातला भाव.

३१ डिसेंबर २००८ च्या रात्री तोहोशिन्की 'कोहाकु'त गायले. कोहाकु म्हणजे जपानी आकाशवाणी-दूरदर्शनचा, एन. एच. के.चा, वर्षअखेरीचा कार्यक्रम. गायिकांचा लाल संघ, गायकांचा पांढरा संघ, आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळं घर एकत्र बसलेलं. १९५१ पासून चालत आलेला हा सोहळा. त्यात बोलावणं येणं म्हणजे घरच्या देवघरात हळदीकुंकू मिळण्यासारखं. जुलै २००९ मध्ये त्यांनी टोकियोच्या मोठ्या बंदिस्त मैदानात, टोकियो डोममध्ये, दोन दिवस कार्यक्रम केले.

पाचाचे दोन

आणि त्याच महिन्यात घर फुटलं.

जेजुंग, यूछन आणि जुन्सू या तिघांनी ३१ जुलै २००९ रोजी कंपनीविरुद्ध सोलच्या कोर्टात धाव घेतली. आपल्याला बांधून ठेवणारा तेरा वर्षांचा करार अन्यायाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरमध्ये कोर्टाने त्यांची मागणी काही अंशी मान्य केली. २०१२ च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी समेट करून वाद मिटवला. कलाकाराला किती वर्षं बांधून घ्यावं, याची चर्चा कोरियात तेव्हा जोरात होती. २००९ मध्येच तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना-करार काढला. किशोर वयाच्या मुलांनी सह्या केलेल्या कागदांची किंमत काय असते, हे त्या देशाला या भांडणामुळे नीट कळलं. आपली मुलं कुठल्याही कागदावर सही करायला निघाली, तर तो कागद आधी आपण वाचावा, एवढं तर आपणही घेण्यासारखं आहे.

तिघांनी वेगळी चूल मांडली. युन्हो आणि छांगमिन मागे राहिले. ऐकणाऱ्यांतही तट पडले, मैत्रिणी-मैत्रिणींत अबोले झाले. कोण चूक, कोण बरोबर, हे आपण ठरवायला नको. वाटण्या झालेल्या घरात राहिलेल्या बाईला ते काय असतं ते ठाऊक आहे.

जानेवारी २०११ मध्ये दोघेच परत आले, 'व्हाय? कीप युअर हेड डाउन' हे गाणं घेऊन. कोरियन आणि जपानी, दोन्ही भाषांत ते निघालं आणि जपानमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पाच आवाजांसाठी बांधलेली जुनी गाणी दोघांनी वाटून घेतली. त्या वर्षीच्या कोहाकुलाही ते हजर होते.

१५ ऑगस्टनंतरचे दोन दिवस

पुढचं वर्ष वाईट उजाडलं. दोन्ही देशांच्या मधल्या समुद्रात एक खडकाळ बेट आहे. कोरियन लोक त्याला दोक्दो म्हणतात, जपानी ताकेशिमा. दोघंही म्हणतात, आमचंच. ऑगस्ट २०१२ मध्ये कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष ली म्युंग-बाक त्या बेटावर जाऊन आले आणि जपानमध्ये रागाची लाट उठली. वर्षअखेरच्या कोहाकुत एकही कोरियन मंडळ दिसलं नाही.

पण २०१३ मध्ये तोहोशिन्कीने सापोरो, टोकियो, नागोया, ओसाका आणि फुकुओका या पाचही शहरांच्या मोठ्या डोममधून दौरा केला. शेवटचे दोन कार्यक्रम झाले योकोहामाच्या निस्सान स्टेडियमवर. तिथे सत्तर हजारांवर माणूस बसतं. २००२ साली कोरिया आणि जपानने मिळून भरवलेल्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला होता. तारखा होत्या १७ आणि १८ ऑगस्ट.

१५ ऑगस्ट हा जसा आपला स्वातंत्र्यदिन, तसाच तो कोरियाचाही. १९४५ मध्ये त्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली आणि कोरिया सुटला. तो दिवस उलटून दोनच दिवस झाले होते. वर्षापूर्वीचा बेटाचा वाद मिटलेला नव्हता. तरीही जपानी बायकामुली हातात लाल दिवे घेऊन त्या मैदानात आल्या, कारण या मंडळाचा रंग लाल. सरकारांची तोंडं फिरलेली होती, आणि इकडे दोन कोरियन मुलगे जपानी बोलत होते, जपानी बायका ऐकत होत्या.

२०१५ मध्ये दोघेही कोरियाच्या नियमाप्रमाणे सक्तीच्या लष्करी सेवेत गेले, २०१७ मध्ये सुटून आले, आणि जून २०१८ मध्ये त्याच योकोहामाच्या मैदानावर लागोपाठ तीन दिवस गायले. २०२४ मध्येही त्यांचा 'झोन' हा नवा जपानी संच निघाला. सदतिसाव्या पायरीला तोवर एकोणीस वर्षं झाली होती.

ऐकणाऱ्या बायका

या गोष्टीत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या ऐकणाऱ्या. २००३-०४ मध्ये एन. एच. के.वर 'विंटर सोनाटा' ही कोरियन मालिका दाखवली गेली. चाळिशी-पन्नाशीच्या जपानी गृहिणी तिच्यासाठी वेड्या झाल्या. नायक बे योंग-जूनला त्या आदराने 'योन-सामा' म्हणू लागल्या. सामा म्हणजे आपलं 'राव' किंवा 'साहेब' म्हणा. त्यांच्यावर विनोद झाले, नवऱ्यांनी नाकं मुरडली. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कितीजणी मालिकेतली ठिकाणं पाहायला कोरियात गेल्या, आणि कितीजणींनी कोरियन भाषेचं पुस्तक उघडलं.

एन. एच. के.वर कोरियन भाषेचे धडे १९८४ पासून होतेच. त्यांना नाव दिलं होतं लिपीचं, 'हांगुल'. भाषेला कुठलं नाव द्यावं यावरून उत्तर आणि दक्षिण कोरियांत तंटा, म्हणून ही तोड काढलेली. त्या धड्यांना आता नवे विद्यार्थी मिळाले. ज्या भाषेला एकेकाळी त्यांच्या सरकारने शाळेतून घालवलं, तीच भाषा या बायका भांडी आवरून झाल्यावर, चष्मा लावून, स्वखुशीने गिरवू लागल्या. पाहुण्याने आपली भाषा शिकली, मग आपणही त्याची चार अक्षरं शिकावीत, हा साधा शिष्टाचार त्यांनी पाळला. सासरच्या माणसांनी सुनेच्या माहेरचा एखादा शब्द उचलला की तिला जे वाटतं, ते कोरियन माणसाला तेव्हा वाटलं असेल.

आता नव्या पिढीत सरमिसळ आणखी वाढली आहे. २०१५ मध्ये सोलमध्ये स्थापन झालेल्या 'ट्वाइस' या मंडळात नऊ मुली, त्यांतल्या मोमो, साना आणि मिना या तिघी जपानच्या. त्या कोरियन शिकून कोरियात गाऊ लागल्या आणि २०१७ मध्ये आपल्या कोरियन मैत्रिणींना घेऊन जपानी गाणी गायला माहेरी आल्या. त्या वर्षी कोहाकुचं दार कोरियन मंडळाला सहा वर्षांनी पुन्हा उघडलं, ते याच मुलींसाठी.

मटार सोलता सोलता

ऐकून पाहायचं असेल तर मुलीला सांगा, लावून देईल. आधी २००८ चं ते संथ गाणं ऐका. भाषा न कळताही कळेल. मग त्याच वर्षीचं 'मिरोटिक' आधी कोरियनमध्ये आणि लगेच जपानीत ऐका. चाल एकच, पण कोरियनमध्ये शब्द ठसठशीत बंद होतात आणि जपानीत ते स्वरावर तरंगतात. गाण्याचं दुसरं नाव कोरियनमध्ये 'जुमुन', जपानीत 'जुमोन'. अर्थ एकच, मंत्र.

असे जुळे शब्द पुष्कळ आहेत. दोन्ही भाषांनी ते चिनीतून घेतले, आपण आणि कानडी-बंगाली लोकांनी संस्कृतातून घेतले तसे. चार शब्द पाठ करून ठेवा आणि मुलीला चकित करा:

वचन : जपानीत याकुसोकु, कोरियनमध्ये याक्सोक.
कुटुंब : जपानीत काझोकु, कोरियनमध्ये काजोक.
तयारी : जपानीत जुम्बी, कोरियनमध्ये चुन्बी.
मनाची लहर : दोन्हीकडे किबुन.

पाहिलंत? कुटुंबाचा आणि वचनाचा शब्द दोघांकडे मुळात एकच निघाला. पस्तीस वर्षांच्या जुलमाने जी भाषा कोरियाच्या मनात कडू करून ठेवली, तिच्यात या मुलांनी आपण होऊन गोडवा भरला. त्यासाठी त्यांना आपली कोरियन विसरावी लागली नाही, मायदेशी ते कोरियनमध्येच गात राहिले. लादलेली भाषा आणि शिकलेली भाषा यांत फरक असतो तो एवढाच.

तेव्हा नवी सून आपल्या घरी गंजाला गंज म्हणाली, तर लगेच दुरुस्त करू नका. ती टोप म्हणायला शिकेलच. आपणही एखाद्या दिवशी सहज म्हणून पाहावं, "अगं, तो गंज जरा दे गं इकडे." बघा तिचा चेहरा कसा फुलतो ते!